राबाचा कोयता

जानेवारी संपत आला होता आणि सगुणाबाईचा राब अजून झाडावरच होता. बांधावरच्या ऐनाच्या फांद्या तोडायच्या, वाळवायच्या, शेणावर अंथरायच्या, वर पालापाचोळा आणि माती टाकून पाऊस यायच्या आत ती जागा भाजून काढायची. मग त्या भाजल्या जागेत भाताचं रोप. खाली हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, वाडीतल्या निम्म्या लोकांनी रस्त्याकडेच्या जमिनी विकून दारात गाड्या आणल्या, पण सगुणाबाईची दोन एकरं पार डोंगराच्या पोटाशी पडली होती. तिथवर ना रस्ता जात होता ना गिऱ्हाईक येत होतं. त्यामुळे सगुणाबाईला राब सुटला नाही.

ती अंगणात कोयत्याला धार लावत बसली होती, तेव्हा साधना आली. पायरीवर टेकली, पाणी मागितलं, आणि रिकामा पेला हातात फिरवत राहिली.

साधना पौडाकडची. 'ओसरी' नावाच्या संस्थेचं काम करायची. सहा वर्षं झाली, दर रविवारी वाडीतल्या देवळाच्या ओसरीवर ती तरुण पोरांना घेऊन बसत होती. मारामारी न करता भांडण कसं मिटवायचं, हे शिकवायची. तिची रीत साधी होती. पाण्याने भरलेला एक तांब्या हातोहात फिरायचा. ज्याच्या हातात तांब्या त्यानेच बोलायचं. आधी एक घोट पाणी प्यायचं, मग तीन गोष्टी सांगायच्या: झालं काय, वाटलं काय, हवं काय. बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही. सुरुवातीला सगळी वाडी हसली होती. भांडणात पाणी पितात होय कुणी, म्हणाली होती.

सगुणाबाई मात्र हसायची थांबली होती, त्याला कारण होतं. दोन वर्षांमागे तिच्या थोरल्या जावेच्या, धोंडाबाईच्या पोराने ट्रॅक्टर घालून सामाईक बांध हातभर कोरला. सगुणाबाईचा शंभू काठी घेऊन धावला. अर्ध्या वाटेवर थांबला, माघारी आला, माठातलं पाणी प्यायला आणि उंबऱ्यावर डोकं धरून बसला. पुढच्या रविवारी दोन्ही चुलत भावांमध्ये तांब्या फिरला. बांध पुरता नाही, पण निम्मा भरून मिळाला. पोरगं तुरुंगात गेलं नाही आणि दवाखान्यातही नाही. हे उपकार सगुणाबाई विसरली नव्हती.

"काकू, तीस तारखेला मोठा कार्यक्रम आहे," साधना शेवटी म्हणाली. "पोरं हत्यारं टाकणार, असं ठरलंय. पुण्याहून पाहुणे येणार आहेत, पेपरवाले येणार आहेत."

"बरं हाय की."

"संस्थेतल्या वरच्यांनी पंचवीस कोयते होतील म्हणून सांगून टाकलंय. आणि आलेत दोन."

सगुणाबाईने धार लावायचं थांबवलं. खरे कोयते कुणाकडे आहेत, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. चार-पाच पोरं होती, गाडीच्या सीटखाली कोयता ठेवून महाळुंग्याच्या बाजूला कुणाकुणाच्या प्लॉटवर धाक दाखवायला जाणारी. ती कशाला येतात पाहुण्यांसमोर कोयता टाकायला?

"मग आता घरोघरचे मागतेय," साधना खाली बघत म्हणाली. "दोन दिवसांत परत आणून देते."

"आगं, पन ह्यो राबाचा कोयता हाय. मामंजींच्या हातचा."

मूठ शिसवीची होती. सासरे कोंडाजी यांनी तिला पितळी तार गुंडाळली होती. आता ती तार हातांनी घासून घासून पिवळीधमक झाली होती. पात्याला टोकाशी एक दात पडला होता, सगुणाबाईच्या नवऱ्याने, एकनाथने, एकदा खिळ्यावर मारला होता त्याचा. सगुणाबाईने कोयता उलटा धरून पुढे केला.

साधनाने तो हातात घेतला नाही. पिशवीतून गोणपाट काढून जमिनीवर पसरला. "ह्यात ठेवा काकू," ती म्हणाली.

सगुणाबाईने ठेवला.  साधनाच्या थोरल्या भावाला आठ वर्षांमागे जमिनीच्या भांडणात कोयत्यांनीच तोडला होता. त्या दिवशी सगुणाबाई तिच्या आईजवळ बसून होती. तेव्हापासून ही बाई कोयता हातात धरत नाही, घरची केळ तोडायचीसुद्धा शेजारणीला सांगते, हे सगळ्या खोऱ्याला माहीत होतं.

"आणि शंभूला पाठवा कार्यक्रमाला," उठता उठता साधना म्हणाली. "बोलायला चांगला आहे तो."

नाही म्हणायला काय लागतं? पण आमच्याकडे भीड हा एक रोगच आहे. सावकाराला, पोलिसाला, पुढाऱ्याला आम्ही एक वेळ नाही म्हणू. ज्याने आपलं भलं केलं त्याला नाही म्हणताना मात्र जीभ उचलत नाही.

तीस तारखेला मांडव पडला. शंभू धुतलेला शर्ट घालून गेला. व्यासपीठावर त्याच्या हातात त्याच्याच घरचा कोयता आणि एक छापील कागद देण्यात आला. कागदावर लिहिलं होतं: 'आजवर मी हे हत्यार जवळ बाळगत होतो. आजपासून ते समाजाच्या स्वाधीन करतो.' शंभू अडला. त्याने साधनाकडे बघितलं. साधनाने हळूच मान हलवली, सगळ्यांचा मजकूर एकच आहे, वाच, अशा अर्थाने. शंभूने वाचलं. टाळ्या वाजल्या. फोटो निघाला. बायका मागे बसून आपापले कोयते ओळखत होत्या आणि तोंडाला पदर लावून हसत होत्या.

दोन दिवस गेले, आठ दिवस गेले. कोयता आला नाही. साधनाला फोन केला की ती म्हणायची, ऑफिसात आहेत काकू, बघते. पुढे पुढे फोनही लागेना.

राब थांबत नाही. फांद्या फेब्रुवारीत पडल्या तरच वाळतात. सगुणाबाईने विळ्याने डहाळ्या खरडायला सुरुवात केली. विळा गवताचा, फांदीला लागला की नुसता घसरायचा. दोन दिवसांत तिच्या तळहाताला फोड आले आणि फुटले. मग ती धोंडाबाईच्या दारात गेली.

"बाई, तुमचा कोयता आजच्या दिस द्या."

धोंडाबाईकडे दोन होते, म्हणून एक संस्थेला देऊनही एक उरला होता. ती तांदूळ पाखडत राहिली. सूप दोनदा झटकलं, तेव्हा कुठे बोलली.

"तुमी तर शांततेला दिला म्हनं कोयता. पेपरात आलंय. तुजा शंभू गुंड हुता, आन आता सुधारला."

"तुमच्या पोरानं बी वाचलं की तेच."

"वाचलं. पन फोटो तुज्याच पोराचा आला." ती उठली, कोयता आणून दिला. "सांजच्याला आनून दे. धार लावून दे."

एकनाथच्या गुडघ्यात वात होता. झाडावर चढणं त्याचं कधीच सुटलं होतं. सगुणाबाई साडीचा काष्टा मारून ऐनावर चढायची, तो खाली पडलेल्या फांद्या ओढायचा, भारे बांधायचा, आणि दर भाऱ्याला कंबरेवर हात ठेवून उभा राहायचा. उन्हं चढली की दोघं बांधावर बसून भाकरी खायची.  संध्याकाळी सगुणाबाई उसन्या कोयत्याला धार लावायची आणि जावेच्या उंबऱ्यावर ठेवून यायची.

चौथ्या दिवशी एकनाथ म्हणाला, "नवाच आनतो," आणि पौडला गेला. दुपारी हात हलवत आला.

"काय झालं?"

"आधार कार्ड मागितलं दुकानदारानं. कोयता घ्यायचा तर कार्ड दाखवा, वहीत नाव लिवा, म्हनला. पोलिसांचा तसा कागद आलाय म्हनं." तो खाटेवर टेकला. "मी म्हनलं, आरं, मी राबाला नेतोय. तर म्हनतो, समदे तसंच म्हनत्यात. मागं दोन पोरं उभी हुती, ती हसली."

साठीला आलेला माणूस. दुसऱ्या दिवशी कार्ड घेऊन परत गेला, वहीत अंगठा दिला, शेजारी सही केली आणि कोयता आणला. मूठ प्लॅस्टिकची, हिरवी. घामाने निसटायची. सगुणाबाईने तिला चिंधी गुंडाळली.

याच दिवसांत शंभूचं एक काम जुळत आलं होतं. बावीस वर्षांचा झाला होता, पिरंगुटच्या कारखान्यात कंत्राटावर दोन वर्षं घासली होती, मग गाडी शिकला, परवाना काढला. हिंजवडीच्या कंपन्यांना गाड्या पुरवणाऱ्या एकाने त्याला निवडलं. पोरींना रात्रीअपरात्री घरी सोडायचं काम, म्हणून चालकाचं पोलीस पडताळणीचं पत्र लागत होतं. सोमवारपर्यंत आण, नाहीतर दुसरा बघतो, असं तो म्हणाला होता. शंभू गुरुवारी चौकीत गेला.

घरी आला तो थेट माठाकडे. एक तांब्या प्याला, दुसरा प्याला. सगुणाबाई बघत होती.

"काय रं?"

"हवालदारानं पेपरचं कात्रण काढून दाखवलं. ह्यो तूच ना, म्हनला. व्हय म्हनलं. मग म्हनला, खाली काय छापलंय वाच. 'कोयते टाकून तरुण चांगल्या मार्गाला.'" शंभूचा आवाज अगदी सपाट होता. "ओसरीवाल्यांनी चौकीत आमंत्रन दिलं हुतं. त्याच्याबरूबर पंचवीस नावांची यादी जोडली हुती. त्यात मी पैला."

"आरं पन तू काय केलंयस?"

"तेच म्हनलं मी. तर म्हनतो, तूच मांडवात म्हनालास, आजवर बाळगत हुतो. मी सोता हजर हुतो, माज्या कानानं ऐकलं."

"मग आता?"

"वाईट मानूस न्हाई त्यो. म्हनला, संस्थेकडनं लिहून आन की तुजा काय संबंध न्हवता. मग साहेबाफुडं ठेवतो. न्हाईतर शेरा ऱ्हाईल."

एकनाथ खाटेवरून म्हणाला, "त्यात काय, साधना देईल की लिवून. एका कागदाचं तर काम."

शुक्रवारी सगुणाबाई शंभूला घेऊन बसने पिरंगुटला गेली. राबाचा अर्धा दिवस बुडाला. संस्थेचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. तिने चपला बाहेर काढल्या, फरशी गार लागली, आणि आत पाऊल टाकलं तशी ती थबकली.

समोर झाड होतं. लोखंडाचं, माणसाहून उंच. बुंध्याला नळ, फांद्यांना सळया आणि पानांच्या जागी कोयत्यांची पाती. वेल्डिंग करून जोडलेली, वरून चंदेरी रंग मारलेला. खाली पाटी होती, 'शांतीचं झाड'. पुण्याच्या कुणा कलाकाराने फुकट करून दिलं होतं.

सगुणाबाईने आपलं पातं शोधलं. डाव्या फांदीवर तिसरं. टोकाशी दात पडलेला होता. तिने त्यावर बोट ठेवलं.

"तरीच," ती म्हणाली. 

साधना आतल्या दारात उभी होती. तिने नजर उचलली नाही. "मला नंतर कळलं काकू," ती म्हणाली. "गाडी येऊन घेऊन गेली."

"आन मुठी?"

दाराच्या मागे एक गोणी होती. साधनाने ती ओढून आणली. लाकडी मुठी, एकात एक अडकलेल्या, काही जळक्या. सगुणाबाईने खाली बसून चाळल्या. पितळी तारेची तळाशी निघाली. तिने ती पदराने पुसली आणि कमरेला खोचली. कुणाला विचारलं नाही.

संस्थेचे प्रमुख अभय सर. बोलायला मऊ, पांढऱ्या झब्ब्यातले. त्यांनी खुर्च्या दिल्या, चहा मागवला, शंभूचं सगळं ऐकून घेतलं. मग स्वतः बसून पत्र लिहिलं, छापून आणलं, वर शिक्का मारला.

"फार छान पत्र दिलंय," ते म्हणाले.

शंभूने मोठ्याने वाचलं. "'सदर युवक पूर्वी हत्यार बाळगत असे. संस्थेच्या संपर्कात आल्यापासून त्याच्या वर्तनात संपूर्ण सुधारणा झाली असून...'" तो थांबला. "सर, मी सुधारलो म्हंजे आधी काय करीत हुतो?"

"तसं नाही रे. पण शपथ तूच वाचलीस ना?"

"तुमी दिली म्हनून वाचली."

अभय सरांनी चष्मा काढला. तेही दमलेले दिसत होते. "हे बघ, तुला मी खरं लिहून दिलं की कोयता घरचा होता, तर ते पहिले दोन सोडून बाकीचे बावीस उद्या येतील. मग तो कार्यक्रम खोटा ठरला. पुढच्या वर्षी आम्हाला देणगी द्यायला कोण उभं राहील? ही सगळी केंद्रं बंद पडतील. तुमच्या वाडीची ओसरीसुद्धा. तूच सांग, त्यात कुणाचं भलं आहे?"

 सरांचं अगदीच खोटं नव्हतं. ओसरी बंद पडली तर कितीक पोरांच्या काठ्या अर्ध्या वाटेवर थांबणार नव्हत्या. सगुणाबाईने चहाचा कप तसाच ठेवला. तिने साधनाकडे बघितलं. साधना टेबलावरचा पेन सरळ करत होती, पुन्हा वाकडा करून पुन्हा सरळ करत होती.

बसमध्ये शंभूने ते पत्र दुमडलं, आणखी दुमडलं, आणि खिडकीतून टाकलं.

शनिवारी दारात पांढरी गाडी आली. सोमनाथ उतरला. सीटखाली कोयता ठेवणाऱ्यांतला तो एक. पूर्वी शंभूकडे ढुंकून बघायचा नाही. आज खांद्यावर हात टाकून बोलला.

"फोटो बघितला तुजा. भारी आलाय. आमच्या प्लॉटवाल्या भाऊंनी इचारलं, ह्यो कोन म्हनून."

"काय काम हाय?" शंभू म्हणाला.

"काय न्हाई, म्हाळुंग्याला एका प्लॉटवर बसायचंय उद्या. नुसतं बसायचं. खुर्च्या हायेत, जेवन हाय. आमाला पोलिसाचं पत्र-बित्र लागत न्हाई."

सगुणाबाई गोठ्याच्या दारातून ऐकत होती. शंभू नाही म्हणाला नाही आणि हो पण म्हणाला नाही. रविवारी सकाळी ती उठून चुलीकडे गेली, तेव्हा त्याचं अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं आणि कोपऱ्यातले बूट नव्हते.

"गेला?" तिने एकनाथला विचारलं.

"गेला. मी इचारलं तर म्हनला, बसायलाच चाललोय."

सगुणाबाई कोयता घेऊन राबाला गेली. दोन फांद्या तोडल्या. तिसरीला हात वर केला आणि हात वरच राहिला. ती खाली उतरली.  राग होता, आणि तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं. मग कळलं. ती तशीच निघाली, काष्टा मारलेला, केसांत पाला, हातावर चीक.

देवळाच्या ओसरीवर बैठक चालू होती. पंधराएक पोरं, खांबाशी दोन-चार बाया, मध्ये साधना. एका पोराच्या हातात तांब्या होता आणि तो मोबाईलवरून झालेलं कसलं तरी भांडण सांगत होता. सगुणाबाई पायरीवर उभी राहिली. तिने त्याचं संपू दिलं. मग पुढे होऊन हात केला. पोराने साधनाकडे बघितलं आणि तांब्या दिला.

सहा वर्षांत ती या बैठकीला एकदाही बसली नव्हती. तिने उभ्यानेच एक घोट घेतला.

"झालं काय," ती म्हणाली, "तर ही माज्या दारात आली. मी राबाचा कोयता दिला. माज्या पोरानं हिच्या भिडंपायी कागद वाचला. आता पोलीस म्हनत्यात त्यो गुंड हुता. आन संस्था म्हनती, हुता पन सुधारला. उंद्या सोमवार. त्याचं काम जाईल."

पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"वाटलं काय..." इथे ती अडली. तांब्या तिने पोटाशी धरला. "पैली माजी मलाच लाज वाटली. घरातली कामाची वस्तू हत्यार म्हनून दिली, तवा मी तोंड का उघडलं न्हाई. समद्या जनी हसलो आमी. आन मग तुजा राग आला, साधना. लई आला. तुजा भाऊ गेला तवा मी तुज्या आईच्या शेजारी बसले हुते. कोयत्यानं काय हुतं ते तुला ठावं हाय, आन ते ज्याच्या हातनं घडलं त्याच्या रांगेत तू माजं पोरगं उभं केलंस."

साधनाने बोलायला तोंड उघडलं. पण नियम तिचाच होता. तिने ते मिटलं.

"हवं काय, तर खरं लिवून हवं. चांगलं नको. खरं. शंभू आज म्हाळुंग्याला बसलाय. दर रविवारी ह्या खांबाला टेकून बसायचा. जागा बगा, मोकळी हाय."

तिने तांब्या साधनापुढे ठेवला आणि पायरीवर बसली. 

साधनाने तांब्या उचलला. घोट घेतला. "झालं काय, तर मी खोटं केलं," ती म्हणाली. "मला ते मांडवातच कळलं होतं. वाटलं काय, तर भीती. हे सगळं बंद पडेल म्हणून. भाऊ गेल्यावर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं." मग तांब्या खाली ठेवून म्हणाली, "कोरा कागद आणा कुणीतरी."

एका पोराने वही फाडली. साधनाने मांडीवर धरून लिहिलं. कोयता सगुणाबाई एकनाथ कुडले यांच्या घरचा, राब तोडण्याचा. शंभूने तो कधीही हत्यार म्हणून बाळगला नाही. संस्थेच्या सांगण्यावरून त्याने शपथ वाचली. ही चूक माझी. खाली सही, तारीख, आणि पिशवीतला शिक्का.

खांबामागून धोंडाबाई पुढे आली. "आमच्या पोराचं बी लिव," ती म्हणाली. मग आणखी एक बाई. मग पोरंच. बायका आपापल्या कोयत्यांच्या खुणा सांगत होत्या, कुणाचा वाकलेला, कुणाचा माहेरचा, आणि साधना लिहीत होती. ऊन ओसरीवरून उतरून पायरीवर गेलं तरी लिहीतच होती.

शंभू दिवस मावळायच्या आधी आला. हातात बिर्याणीची पिशवी होती. ती त्याने ओट्यावर ठेवली. कुणी उघडली नाही.

"काय केलं?" सगुणाबाईने विचारलं.

"बसलो. वीसजन हुतो. खुर्च्या टाकून." त्याने बूट काढले. "दुपारी एक म्हातारा-म्हातारी आली. जमीन त्यांची हाय म्हनं. आमाला बगून लांबच थांबली. कुनी कायबी बोललं न्हाई त्यास्नी, शिवी न्हाई, काय न्हाई. म्हातारी नुसती माज्याकडं बगत हुती. तुज्या वयाची असंल. मग गेली दोगं."

"तिला वाटलं तू त्यातलाच."

"मी त्यातलाच हुतो की, आये. दिसायला."

तिने कागद त्याच्या पुढे सरकवला. त्याने वाचला. पुन्हा वाचला. 'ही चूक माझी' या शब्दांवर त्याची नजर थांबली.

"उंद्या बी बोलावलंय त्यांनी," तो म्हणाला.

"उंद्या चौकीत जायचंय."

 तो उठला, बिर्याणीची पिशवी कुत्र्यापुढे ओतली आणि माठातून पाणी घेतलं.

सोमवारी सगुणाबाई एकटीच राबाला होती. एकनाथला उठवेना. रात्री त्याने चुलीपाशी बसून हिरवी मूठ काढली होती आणि नव्या पात्याला कोंडाजींची पितळी तारेची मूठ बसवून दिली होती. जराशी ढिली होती, आत पाचर मारली होती. पण हातात धरली की हाताला ओळखत होती.

दुपारच्या सुमाराला बांधावरून साधना येताना दिसली. ओढणी कमरेला बांधलेली, पिशवी नव्हती.

"बैठक न्हाई आज ऑफिसात?" सगुणाबाई झाडावरून म्हणाली.

"झाली. सरांनी सांगितलं, काही दिवस घरी राहा." तिने पडलेल्या फांद्या गोळा करायला घेतल्या. "रागावून नाही बोलले. तेही रडवेले झाले होते."

"आन रविवारी?"

"रविवारी येणार मी. तांब्या देवळातलाच आहे."

दोघींनी बराच वेळ काम केलं. साधनाला भारा बांधता येत नव्हता, दोरी सारखी सुटायची.  सगुणाबाईचा मोबाईल कमरेला वाजला तेव्हा ती फांदीवर होती. खाली उतरून, हात पुसून, तिने तो कानाला लावला.

"आये," शंभू म्हणाला. मागे गाड्यांचा आवाज होता. "साहेबानं कागद वाचला. समद्यांचेच ठेवून घेतले. शेरा काढला. आता पत्रात लिवलंय, निरंक."

"निरंक म्हंजे?"

"म्हंजे काय न्हाई. माज्या नावाफुडं काय न्हाई."

"आन काम?"

 "हिंजवडीतच हाय आत्ता. जागा शनिवारीच भरली म्हनत्यात. पत्र ठेवून घेतलंय. फुडच्या महिन्यात बगू, म्हनला."

"बरं," सगुणाबाई म्हणाली. "ये मग घरी. जेवला न्हाईस."

तिने मोबाईल खोचला. काम गेलं होतं, आणि तरी तिला हलकं वाटत होतं. निरंक. तिने तो शब्द मनात दोन-तीनदा म्हणून बघितला. मग वर बघितलं. खालच्या अंगाची एक फांदी राहिली होती, हाताला येण्याजोगी. पण तिचे खांदे आता वर होईनात. सकाळपासूनचे नव्हे, महिनाभराचे भरून आले होते.

तिने कोयता उलटा धरला आणि मूठ साधनापुढे केली.

साधना बघत राहिली. गोणपाट नव्हता. दूर कुणाचा तरी राब आधीच पेटला होता, त्याचा धूर डोंगराला धरून चालला होता. साधनाने दोन्ही तळवे ओढणीला पुसले. मग तिने कोयता घेतला.  तिने तो वर उचलला, फांदीवर मारला, आणि लोखंड सालीवरून निसटून बाजूला गेलं.

"वरनं न्हाई गं," सगुणाबाई बांधावर टेकत म्हणाली. "आदी खालनं मार. न्हाईतर झाडाची साल सोलती."

साधनाने खालून मारला.